हातचा एक : सुरुवातीचा होल आणि हँडिकॅपचा न्याय

कोल्हापुरात ‘हँडिकॅप’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा अपंगत्वाचाच अर्थ येतो, आणि मग ‘माझा हँडिकॅप पंधरा आहे’ असे सांगणाऱ्या धडधाकट माणसाकडे तो जरा काळजीने पाहू लागतो. गोल्फने हा शब्द घेतला तो घोड्यांच्या शर्यतीकडून. शर्यतीत वेगवान घोड्याच्या पाठीवर जास्त वजन लादून त्याला बाकीच्यांच्या पातळीवर आणतात. गोल्फमध्ये कोणाच्या पाठीवर काही लादत नाहीत, तर कच्च्या खेळाडूला काही फटके सवलतीचे देतात. खेळ सुरू होण्याआधीच निकाल ठरलेला असू नये, एवढाच दोन्हींचा हेतू आहे.

हा हेतू आपल्या गावाला परका नाही, आपली रीत तेवढी वेगळी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले, आणि त्या मातीवर कुस्ती पाहत मोठ्या झालेल्या पिढ्यांना हे पाठ आहे की जोड लावणे हीच अर्धी कुस्ती असते. पोस्टरवर एक नंबरची, दोन नंबरची जोड छापून आली की चहाच्या गाड्यावर पहिली चर्चा होते ती जोड तोलामोलाची लागली आहे की विषम, याची. जोड विषम निघाली तर हरलेल्या पैलवानाला कोणी बोल लावत नाही. बोल लागतो तो जोड लावणाऱ्याला. कुस्तीने न्यायाचा प्रश्न असा लढतीच्या आधी, माणसे निवडून सोडवला आहे. तालमीत वस्ताद एखाद्या मोठ्या मल्लाला पोराला ‘खेळवायला’ सांगतो तेव्हा सवलतीचा थोडा अंश तिथेही असतो, पण मैदानात कोणी कोणाला खेळवत नाही. गोल्फने मात्र हा प्रश्न लढतीच्या आत घेतला आहे. माणसे कोणतीही असोत, त्यांच्यातला फरक मोजावा आणि तेवढे शॉट, म्हणजे सवलतीचे फटके, द्यावेत, अशी त्याची व्यवस्था आहे. साहजिकच त्या व्यवस्थेत कोठे फट राहिली तर बोल खेळाडूला लागता कामा नये, व्यवस्था लावणाऱ्याला लागला पाहिजे. ही फट कोठे आहे याविषयी खेळणाऱ्यांचा आणि स्पर्धा भरवणाऱ्यांचा समज, माझ्या मते, चुकीचा आहे.

फरक मोजण्याचे शास्त्र आता बरेच पक्के झाले आहे. यूएसजीए आणि आर अँड ए या दोन नियामक संस्थांनी मिळून आखलेली जागतिक हँडिकॅप पद्धत २०२० पासून लागू झाली. तुमच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांच्या सरासरीवरून तुमचा हँडिकॅप इंडेक्स ठरतो. तो जास्तीत जास्त ५४ असू शकतो. त्याला त्या मैदानाच्या स्लोप रेटिंगने (कच्च्या खेळाडूला ते मैदान किती जास्त जड जाते याच्या आकड्याने) गुणून ११३ ने भागतात, कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला तिथे लागणारे अपेक्षित फटके) आणि पार (मैदानासाठी ठरवून दिलेले फटके) यांतला फरक त्यात मिळवतात, आणि त्या मैदानापुरता तुमचा हँडिकॅप तयार होतो. दोघांच्या मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकत-हरत खेळायच्या लढतीत (होल म्हणजे टीपासून, पहिल्या फटक्याच्या जागेपासून, चेंडू खड्ड्यात जाईपर्यंतचा टप्पा; फेरीत असे अठरा), या हँडिकॅपांमधला पूर्ण फरक, म्हणजे शंभर टक्के, दिला जातो. नऊ हँडिकॅपचा खेळाडू पंधरावाल्याला सहा शॉट देतो. इथपर्यंत कोणाची तक्रार नसते.

तक्रार सुरू होते ती हे सहा शॉट कोठे मिळणार या प्रश्नापाशी. एकूण फटके मोजण्याच्या खेळात हा प्रश्नच येत नाही, कारण शेवटी बेरजेतून सहा वजा केले की काम झाले. मॅच प्लेमध्ये मात्र प्रत्येक होल ही स्वतंत्र लढत असते. होल जिंकला, हरला किंवा हाफ (बरोबरीत) झाला की तो हिशेब तिथेच मिटतो, आणि उरलेल्या होलांपेक्षा आघाडी मोठी झाली की मॅच संपते. म्हणून सहा शॉट सहा ठरावीक होलांवर वाटून द्यावे लागतात. कोणता होल आधी आणि कोणता नंतर, हे मैदानाच्या कार्डावर स्ट्रोक इंडेक्स म्हणून १ ते १८ क्रमांकांनी छापलेले असते. सहा शॉट मिळणार असतील तर ते इंडेक्स १ ते ६ असलेल्या होलांवर मिळतात. जाणकार खेळाडू टी सोडण्याआधी त्या सहा चौकटींत पेन्सिलने एकेक टिंब काढून ठेवतो, कारण होलवर गेल्यावर आठवण्यात वाद होतात.

हे क्रमांक केवळ होलच्या अवघडपणावरून ठरत नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या नऊ होलांपैकी एका नऊमध्ये विषम आणि दुसऱ्या नऊमध्ये सम क्रमांक द्यावेत, अठरा होल तीन-तीनच्या सहा गटांत पाडून शॉट सगळीकडे पसरावेत, सर्वांत खालचे क्रमांक प्रत्येक नऊच्या मधल्या भागात ठेवावेत, असे मार्गदर्शन जागतिक पद्धतीच्या परिशिष्टात आहे. त्यामागचे कारणही तिथे दिलेले आहे: मॅचचा निकाल लागण्याआधी शॉट मिळणाऱ्या खेळाडूला आपल्या शॉटांपैकी बरेचसे वापरता यावेत. हे कारण वाचायला निर्विवाद वाटते. तरी मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही, आणि का नाही ते सांगण्यासाठी एका दिवसाची हकिगत सांगणे भाग आहे.

कोल्हापुरात गोल्फ खेळणारी माणसे मोजकी. शिरोली आणि गोकुळ शिरगावचे काही कारखानदार, काही डॉक्टर, काही निवृत्त फौजी आणि माझ्यासारखे एखाददुसरे हौशी. अठरा होलांचे मैदान हवे असेल तर आम्ही पहाटे गाडी काढून हायवेला लागतो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस अशाच एका परगावच्या मैदानावर हँडिकॅप मॅच प्लेची स्पर्धा होती. जोड्या जास्त, उजेड कमी आणि दुपारनंतर पावसाचा भरवसा नाही, म्हणून संयोजकांनी शॉटगन स्टार्ट ठेवला, म्हणजे सगळ्या जोड्या वेगवेगळ्या होलांवरून एकाच वेळी सुटणार. (ही पद्धत १९५६ मध्ये अमेरिकेतील वॉला वॉला गावच्या क्लबात निघाली, असे सांगतात, इशाऱ्यासाठी तिथे खरोखर बंदुकीचा बार काढला होता. आमच्याकडे शिट्टी होती.) कार्ड नीट विचार करून बनवलेले होते. इंडेक्स १ चौथ्या होलला, २ तेराव्याला, ३ आठव्याला, ४ सतराव्याला, ५ दुसऱ्याला आणि ६ अकराव्याला. माझी मॅच शिरोलीत फौंड्री असलेल्या माझ्या जुन्या मित्राशी होती. तो नऊ, मी पंधरा. आम्हाला सुरुवातीचा होल मिळाला चौथा.

दुपारी व्हरांड्यात चहा घेताना पहिली तक्रार ऐकू आली ती आमच्या मॅचविषयी नव्हती. आमच्याबरोबर आलेले एक निवृत्त प्राध्यापक चौदाव्या होलवरून सुटले होते. त्यांनाही सहाच शॉट होते आणि ते ४ आणि ३ ने हरले होते, म्हणजे तीन होल उरलेले असताना प्रतिस्पर्धी चारने पुढे होता. भिजलेले कार्ड टेबलावर पसरून ते अकराव्या आणि तेराव्या होलच्या चौकटींवर बोट ठेवत होते. “दोन शॉट हातचे राहिले बघा. हे दोन होल आलेच नाहीत. पहिल्या होलवरून सोडलं असतं तर हे आधीच मिळाले नसते का?” सगळ्यांनी माना डोलावल्या. अन्याय उघड दिसत होता.

तो दिसतो, पण तो तिथे नसतो. सरांना उरलेले तिन्ही होल खेळायला दिले असते, त्यांपैकी दोन होलांवर शॉट दिले असते, आणि तिन्ही होल त्यांनी जिंकलेही असते, तरी चारमधून तीन वजा जाता एकाने ते हरलेच असते. मॅच लवकर संपवण्याचा नियमच असा आहे की उरलेल्या होलांवर काहीही घडले तरी निकाल बदलणार नाही अशी खात्री झाल्यावरच तो लागू होतो. हेच होल फिरवून आधी आणले असते तर काय झाले असते? समजा, सर अकराव्यावरून सुटले असते आणि अकरावा, बारावा, तेरावा हे तिन्ही होल सुरुवातीलाच जिंकून तीनने पुढे गेले असते. मग उरलेल्या पंधरा होलांवर, जे त्यांनी चारच्या फरकाने गमावलेच होते, ते मागे पडत गेले असते आणि अखेरीस फेरीच्या शेवटच्या होलवर एकाने हरले असते. मॅच कधी संपते ते होलांच्या क्रमाने बदलते. कोण जिंकते ते बदलत नाही. अठरा होलांचे निकाल तेच असतील तर त्यांची बेरीज कोणत्या टोकाकडून केली याने काही फरक पडू नये, हे वाण्याच्या दुकानातल्या पोरालाही ठाऊक असते.

‘होलांचे निकाल तेच असतील तर’ ही अट मोठी आहे, हे मला मान्य आहे, आणि मार्गदर्शनाच्या बाजूने बोलता येते ते याच जागी. माणूस बेरजेचे यंत्र नाही. पहिल्या सहा होलांत एकही टिंब नसलेला खेळाडू तीनने मागे पडला की त्याचा हात आखडतो, नको तिथे तो धाडस करतो, पाण्यावरून फटका मारायला जातो आणि चेंडू घालवून बसतो. उलट, सुरुवातीलाच दोन शॉट मिळून पुढे गेलेला खेळाडू सैल सोडून खेळतो. शॉट देणाऱ्यावरही परिणाम होतो. शेवटच्या चार होलांवर समोरच्याकडे तीन टिंबे शिल्लक आहेत हे ठाऊक असलेला माणूस आधीपासूनच घायकुतीला येतो. दुपारी वारा सुटतो, पाय दमतात, ग्रीन (खड्ड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ) ओले होतात, आणि सकाळी मिळालेला शॉट व दुपारी मिळालेला शॉट यांची किंमत सारखी राहत नाही. म्हणून शॉट फेरीभर पसरलेले असावेत, हे बरोबर आहे. माझे म्हणणे इतकेच की ही मनाच्या तोलाची सोय आहे, हिशेबातली दुरुस्ती नव्हे, आणि तिची धार दोन्ही बाजूंना लागते: मागे पडल्यावर काही जण बिघडतात, तर काही जण तेव्हाच पेटून उठतात. शिवाय सरांच्या बाबतीत पसरण्याचे कामही नीट झालेले होते. चौदाव्यापासून मोजलेल्या पहिल्या नऊ होलांत त्यांना सतराव्यावर, दुसऱ्यावर आणि चौथ्यावर असे तीन शॉट मिळाले होते, म्हणजे बरोबर निम्मे.

हे निम्मे योगायोगाने आलेले नव्हते. त्या कार्डावर दुसरा आणि अकरावा, चौथा आणि तेरावा, आठवा आणि सतरावा अशा जोड्या आहेत, आणि प्रत्येक जोडीतल्या होलांत नऊचे अंतर आहे. ज्या कार्डावर इंडेक्स १ आणि २ असे नऊच्या अंतरावर समोरासमोर असतील, ३ आणि ४ तसेच, ५ आणि ६ तसेच, त्या कार्डावर तुम्ही कोठूनही सुटा, सलग नऊ होलांत प्रत्येक जोडीतला एक आणि एकच होल येणार. म्हणजे दहाव्यावरून सुरुवात करा, पाचव्यावरून करा, की पावसामुळे स्पर्धा आयत्या वेळी नऊ होलांची करा, सहा शॉटवाल्याला तीन मिळणारच. फरक विषम असेल तर अर्ध्या शॉटाची काय ती चूक. होलांचीही जोड लावता येते ती अशी. दोनदा फिरून अठरा पूर्ण करावे लागणाऱ्या नऊ होलांच्या लहान मैदानांवर एकाच होलला पहिल्या फेरीत १ आणि दुसऱ्या फेरीत २ देण्याची रीत असते, आणि त्यामुळे मोठ्या मैदानांना मुद्दाम साधावी लागणारी ही गोष्ट तिथे आपोआप साधते. ज्या मैदानांना आपण ‘अर्धे’ म्हणून हिणवतो त्यांच्या पदरात हे माप नकळत पडले आहे, याची मला गंमत वाटते.

मग फट कोठे आहे? ती माझ्याच मॅचमध्ये होती, आणि तिचा फायदा मला झाला.

मी आणि माझा मित्र चौथ्यावरून निघून, अठराव्यानंतर पहिला, दुसरा, तिसरा करून परत आलो तेव्हा मॅच बरोबरीत होती. बरोबरीत मॅच सुटली तर एकेक होल वाढवत निकाल लागेपर्यंत खेळायचे, आणि हे वाढीव होल फेरीच्याच क्रमाने खेळायचे, असा नियम आहे. आमची फेरी चौथ्यापासून सुरू झाली होती, म्हणून पहिला वाढीव होल पुन्हा चौथाच. इंडेक्स एक. माझ्या कार्डावरचे सर्वांत ठळक टिंब. पावसाने पेन्सिल फिसकटली होती, पण टिंब वाचता येत होते. पार चारचा तो लांब होल दोघांनाही जड गेला. त्याचा चेंडू तिसऱ्या फटक्यात ग्रीनवर आला आणि झेंड्यापासून चार फुटांवर थांबला. मी चौथ्या फटक्यात चेंडू कपाच्या तोंडाशी आणून ठेवला आणि पाचव्यात आत ढकलला. त्याचा पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, कपाच्या कडेला लागून बाहेर राहिला. दोघांचेही पाच. शॉट वजा जाता माझे चार. त्याने टोपी काढली, हात मिळवला आणि म्हणाला, “टिंबानं मारलं लेका मला.” मी हसलो, कारण दुसरे काही सुचले नाही.

आता हेच पाहा. संयोजकांच्या यादीत आमचे नाव एक ओळ खाली असते तर आम्ही पाचव्यावरून सुटलो असतो. अठरा होल तेच, शॉट तेच, बरोबरीही तीच. पण वाढीव होल झाले असते पाचवा, सहावा, सातवा, आणि त्यांपैकी एकावरही मला शॉट नव्हता. पहिला शॉट आला असता तो चौथ्या वाढीव होलवर, आठव्याला, आणि तिथपर्यंत मॅच पोहोचली असती असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. चौथी टी आणि पाचवी टी यांच्यात जे अंतर आहे त्याचा आमच्या दोघांच्या खेळाशी काहीही संबंध नाही. अठरा होलांच्या मॅचमध्ये क्रमाने निकाल बदलत नाही. वाढीव होलवर मात्र क्रम हाच निकाल असू शकतो, कारण तिथे अठरांची बेरीज नाही, एकाच होलचा न्याय आहे.

या चुकीचे मापही काढता येते. अठरा होलांत सहा शॉट म्हणजे एका होलचा माझा रास्त वाटा एक तृतीयांश शॉट. एक तृतीयांश शॉट देता येत नाही, रुपयाची नोट तिघांत फाडता येत नाही तशीच. एक तर पूर्ण द्या, नाहीतर मुळीच देऊ नका. मला पूर्ण मिळाला, म्हणजे दोन तृतीयांश जास्त मिळाले. मिळाला नसता तर एक तृतीयांश कमी पडला असता. म्हणजे शॉट नाकारणे हे इथे निम्म्याच चुकीचे ठरले असते. आमच्यात एकाच शॉटाचा फरक असता तर काय झाले असते? रास्त वाटा एक अठरांश, आणि हातात पडला असता पूर्ण एक. वाढीव होल इंडेक्स १ वर सुरू करणे म्हणजे ज्याच्या हँडिकॅपात नावापुरता फरक आहे त्यालाही निर्णायक क्षणी अख्खा शॉट देणे. आणि तो इंडेक्स १८ वर सुरू करणे म्हणजे ज्याला सतरा शॉट मिळायचे त्यालाही रिकाम्या हाताने उभे करणे. दोन्ही टोके सारखीच वाईट आहेत. मधला क्रमांक, म्हणजे ९ किंवा १०, घेतला तर नऊच्या आसपास किंवा त्याहून जास्त फरक असलेल्यांना शॉट मिळतो आणि त्याहून कमी फरक असलेल्यांना मिळत नाही. चूक कोणाचीही झाली तरी अर्ध्या शॉटाच्या पलीकडे जात नाही. अर्ध्याच्या वर असेल तर एक धरा, खाली असेल तर सोडून द्या, हा शाळेत शिकलेला आसन्न किमतीचा नियम यापेक्षा वेगळा नाही.

बरोबरी फोडण्याची ही अडचण आपल्याकडेही आहे, फक्त तिथे ती लपत नाही. मैदानात निकाली कुस्ती ठरलेल्या वेळेत झाली नाही की पंच ती बरोबरीत सोडवतात किंवा गुणांवर घेतात, आणि गुणांवर घेतली की पहिला गुण कोणाचा याकडे सगळे मैदान डोळे लावून बसते. तिथे जोड तोलाची असल्यामुळे सुरुवात कोठून झाली याला महत्त्व नसते. शाहू स्टेडियमवर पेठापेठांतल्या तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना टायब्रेकरवर गेला की पहिली किक कोणी मारायची यासाठी नाणे उडवतात, आणि प्रेक्षकांतला जाणकार पहिल्या किकसाठी मनातल्या मनात नवस बोलतो. पहिल्या किकचा फायदा काढून टाकण्यासाठी फुटबॉलच्या नियममंडळाने २०१७ मध्ये टेनिसच्या टायब्रेकरसारखा उलटसुलट क्रम वापरून पाहिला आणि २०१८ संपण्याआधी गुंतागुंतीच्या नावाखाली सोडून दिला. प्रयोग फसला म्हणून कोणी असे म्हटले नाही की प्रश्नच नव्हता. गोल्फमध्ये मात्र हा प्रश्न यादीतल्या एका ओळीत दडलेला असतो, आणि ती यादी आदल्या रात्री कोणी, कशी केली हे विचारायची पद्धत नाही. संयोजकांवर मी हेतूचा आरोप करत नाही. पण आपल्या माणसाला सोयीचा होल देता येईल अशी जागा मोकळी ठेवली की कधी ना कधी तिचा वापर होतो. आणि वापर झाला नाही तरी संशय येतोच.

उपाय अवघड नाहीत आणि त्यांसाठी कोणाची परवानगीही लागत नाही. स्ट्रोक इंडेक्स ठरवणे हे समितीचेच काम आहे. वाढीव होलांचा वेगळा क्रम ठरवण्याचा अधिकारही नियमांनी समितीला दिलेला आहे, तेव्हा नोटीस बोर्डावर एक ओळ पुरे: मॅच कोठूनही सुरू झालेली असो, वाढीव होल अमुक होलपासून खेळले जातील. तो होल मधल्या इंडेक्सचा असावा. आमच्या त्या कार्डावर पहिल्या होलला ९ आणि दहाव्याला १० आहे, आणि दोन्ही टी क्लबहाउसला लागून आहेत. ज्या जोडीला जो जवळ पडेल तो तिने घ्यावा, अशीही मुभा देता येईल. ब्रिटनमधील क्लबांना पूर्वी दिल्या गेलेल्या मार्गदर्शनात पहिल्या, नवव्या, दहाव्या आणि अठराव्या होलला सर्वांत खालचे इंडेक्स देऊ नयेत, असे सुचवलेले असे, आणि त्याचे कारण हेच होते. पण ती सूचना पहिल्यावरून किंवा दहाव्यावरून सुटणाऱ्यांपुरती होती. शॉटगन स्टार्टमध्ये प्रत्येक होल कोणाचा तरी पहिला असतो आणि सूचनेची सगळी मेहनत वाया जाते. ज्यांना वाढीव होलच नकोत, त्यांनी बरोबरी ती बरोबरी असे आधीच जाहीर करावे. रायडर कपसारख्या मोठ्या सांघिक स्पर्धेत बरोबरीच्या मॅचचा अर्धा-अर्धा गुण दोन्ही संघांना मिळतो, आणि त्याने त्या स्पर्धेचा रंग फिका पडलेला नाही. बाद पद्धतीत ते चालणार नाही, हे उघड आहे. सुरुवातीचे होल कसेही द्यावेत, पण चिठ्ठ्या टाकून आणि सर्वांसमक्ष.

यावर माझ्या मित्रमंडळींचा आक्षेप असा की रविवारच्या हौशीच्या खेळात इतका काथ्याकूट कशाला. बक्षीस असते ते एक स्टीलचा कप आणि दुपारचे जेवण. हा आक्षेप मला पटत नाही. हँडिकॅप ही हौशी खेळाडूंसाठीच बांधलेली व्यवस्था आहे. व्यावसायिक तर हँडिकॅपविनाच खेळतात, आणि त्यांच्या मोठ्या वैयक्तिक स्पर्धांनी मॅच प्ले केव्हाच मागे सोडला आहे. पीजीए चॅम्पियनशिपसुद्धा १९५७ पर्यंत मॅच प्ले होती, १९५८ पासून नाही. सहा शॉटांचा फरक असलेली दोन माणसे एकमेकांशी जीव लावून खेळू शकतात ती केवळ या हिशेबाच्या बळावर. ज्या खेळाने समानता आकड्यांवर उभी केली, त्याने शेवटच्या होलवर ‘एवढे कोण मोजतो’ असे म्हणणे शोभत नाही. आणि खरे सांगायचे तर व्हरांड्यातल्या त्या चर्चेत सगळ्यांची सहानुभूती सरांच्या हातच्या राहिलेल्या दोन शॉटांना मिळाली, जिथे काहीच बिघडलेले नव्हते. माझ्या मित्राच्या पराभवाला कोणी अन्याय म्हटले नाही, कारण टिंब कार्डावर छापील नियमाप्रमाणे होते.

संयोजकांना मी पत्र लिहिले आहे आणि त्यांनी ते पुढच्या बैठकीत ठेवतो असे कळवले आहे. दरम्यान दिवाळीच्या आधी एका मोकळ्या सकाळी मी आणि माझा मित्र पुन्हा त्याच मैदानावर गेलो आणि फक्त वाढीव होल परत खेळलो, या वेळी पहिल्यापासून. पहिल्यावर मला शॉट नव्हता. दोघांचेही चार, हाफ. दुसऱ्यावर शॉट होता. दोन होलांचा माझा रास्त वाटा दोन तृतीयांश आणि मिळाला एक, म्हणजे चूक एक तृतीयांशाची, हे मी त्याला टीवर उभे राहूनच समजावून सांगितले. त्याने ते नीट ऐकून घेतले, ड्राइव्ह मारला, आणि चार केले. मी सहा केले.